धवलारणीचं एक वाक्य

करावे गावात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगाला हळद लागली ती कमळीच्या आवाजात. कमळी धवलारीण होती. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि पुढच्या मुहूर्ताला पळतो. पण मांडव उभा राहिल्यापासून नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत कधी काय करायचं, तेल कुणी आधी लावायचं, कोणत्या देवाला पहिलं बोलवायचं, हे सगळं धवलारीण गाऊन सांगते. ती गाणी म्हणजे धवले. कमळीला ते सासूकडून मिळाले. दोघी ओहोटीला खाडीत कालवं काढायला जायच्या. सासू दगडावर वाकून एक ओळ म्हणायची, कमळी ती मागून म्हणायची, आणि टोपली भरेपर्यंत एक धवला पाठ झालेला असायचा.

सासू गेली तेव्हा आपल्याला कोण विचारणार, असं कमळीला वाटलं होतं. पण पहिल्याच हळदीला ती तांदळाच्या चौकापाशी बसली, डोळे मिटले, आणि तिचा जाडसर, किंचित घोगरा आवाज मांडवात फिरला तशा म्हाताऱ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून तो मान तिचा. सकाळी सीवूड्सच्या बाजारात मासळीची पाटी आणि लग्नसराईत संध्याकाळी मांडव, असं तिचं आयुष्य गेलं. चौकात बसून तिनं हात वर केला की डीजेवालासुद्धा मुकाट्यानं बटण बंद करायचा. तिचा नवरा बाळाराम म्हणायचा, "घरात मी बोललेला कुनाला आयकू येत नाय, आनि हिचा नुसता हात वर झाला का सगला गाव गप."

मग एका लग्नसराईत कमळीला डेंग्यू झाला. त्याच आठवड्यात मुक्ताबाईच्या रोहनचं लग्न होतं. मुक्ताबाई बाजारात कमळीच्या शेजारच्या ओट्यावर बसायची. तिचा मुलगा हळदीवर आला आणि धवलारीण दवाखान्यात, म्हणून ती रडकुंडीला आली. तेव्हा खालच्या आळीतली यशोदाबाई पुढं झाली. "आमची अमिता गाते की. तिकडं उरणला तिच्या आजीकडून शिकलीय."

अमिता म्हणजे यशोदाबाईची सून. प्रितेशशी लग्न होऊन तिला पाच वर्षं झाली होती. बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात ती टायपिंगचं काम करायची, संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती चौकात बसली तेव्हा बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पोरगी ड्रेसवरून थेट नऊवारीत आली म्हणून हसल्याही. पण तिनं पहिली ओळ उचलली आणि हसणाऱ्या बायकांची तोंडं तशीच उघडी राहिली. आवाज पातळ, स्वच्छ, वर चढला तरी न फाटणारा. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो दिवाळे गावात गेला, सारसोळ्यात गेला, पार उरणला तिच्या माहेरी जाऊन परत आला.

कमळी दवाखान्यातून घरी आली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडी तेच. "तू आता आराम कर. अमितानं चांगला सांभालला. काय गोड गाते गो!" बोलणाऱ्या बायका भल्या मनानं बोलत होत्या. कमळीनंही "चांगला झाला, पोरीनं लाज राखली," असं म्हटलं. पण बायका गेल्यावर तिनं सुनेला दार लावायला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. छातीत काहीतरी टोचत होतं. ते तापाचं नव्हतं, हे तिला कळत होतं.

पुढं दोन घरांनी हळदीला अमिताला बोलावलं. कमळीचे गुडघे दुखतात, तिला कशाला त्रास, असं कारण सांगितलं. गुडघे खरंच दुखत होते, म्हणून तर तिला जास्त लागलं. आता ती अमिताकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. अमिता देवळात उशिरा आली की "ऑफिसवाली ना!" असं वाटायचं. मान लववून नमस्कार केला की "नाटकं" असं वाटायचं. तिच्या गाण्यात एक ओळ वेगळी होती. उरणकडं तशीच म्हणतात, हे कमळीला ठाऊक होतं. तरी तिनं चार जणींत सांगितलं, "चुकीचा गाते ती."

अशात रोहनची बायको लग्नाला तीन महिने होत नाहीत तोवर माहेरी निघून गेली. का गेली, ते आळीला माहीत होतं. रोहन प्यायचा, आणि प्याला की हात उचलायचा. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत असल्या गोष्टी लपत नाहीत. पण मुक्ताबाईच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं, आणि मुक्ताबाईनंही स्वतःशी ते कबूल केलं नव्हतं.

त्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक कमी होतं. मुक्ताबाई कोलंबी सोलत सोलत म्हणाली, "नजर लागली गो माझ्या पोराच्या संसाराला. नायतर एवढा थाटात लगीन झाला..."

कमळी बोंबलांवर पाणी शिंपडत होती. तिला सांत्वनाचं काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आवाज गोड असून काय उपेग? हात बरा असावा लागतो. तुझ्या पोराची हलद कुनाच्या हातून झाली, बघ ना."

मुक्ताबाईचा कोलंबीवरचा हात थांबला. तिनं मान वर केली. कमळीला पुढं कितीदा तरी आठवला तो तिचा चेहरा. त्यावर धक्का नव्हता. सुटका होती. मुलाचा दोष कुठंतरी बाहेर ठेवायला जागा हवी होती, आणि ती जागा कमळीनं आयती दिली होती.

"खरा सांगते तू," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "माज्या कसा ध्यानात नाय आला?"

 तिथंच "अगं, तसा नाय" म्हणता आलं असतं. कमळीनं ते म्हटलं नाही. उलट बरेच दिवस टोचणारं ते काहीतरी जरा वेळ निवलं, आणि त्या दिवशी घरी जाताना तिची पावलं हलकी पडली.

वाक्य मात्र बाजारात थांबलं नाही. पंधरा दिवसांत ते नळावर पोचलं, मग गावदेवीच्या पारावर, मग बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जाईल तिथं त्याला एकेक पान फुटत गेलं. अमिता गायली ते लग्न टिकत नाही. दुसऱ्या एका घरच्या नवरीला ताप आला, तोही अमितामुळं. मग कुणीतरी म्हणालं, पाच वर्षं झाली, तिची स्वतःची कूस उजवली नाही, तिनं दुसऱ्याच्या हळदीला हात लावूच कसा? हे कमळी बोलली नव्हती. पण पहिल्यांदा ते कानावर आलं तेव्हा तिनं "शी, काय बोलता!" असंही म्हटलं नव्हतं. अमिताचे उपचार चालू आहेत, आणि सुया टोचून टोचून तिचे दंड काळेनिळे झालेत, हे यशोदाबाईनं तिला विश्वासानं सांगितलं होतं. तरीही.

अमिताची बोलावणी थांबली. ठरलेल्या एका घरानं "आमच्यात थोडा बदल झालाय" असा निरोप पाठवला. यशोदाबाई बाजारात यायची तर दुसऱ्या बाजूनं जाऊ लागली. आणि कमळीकडं पुन्हा आमंत्रणाचे नारळ येऊ लागले. गावातल्या अंकुरचं लग्न ठरलं होतं, त्याची आई स्वतः आली, पाया पडली. "कमलीआय, गुडघे दुखत असतील तर खुर्ची ठेवते, पन तूच पायजे. आमाला जोखीम नको."

जोखीम हा शब्द कमळीला खटकला. पण नारळ तिनं घेतला.

अंकुरच्या हळदीची संध्याकाळ. गल्लीभर मांडव, दिव्यांच्या माळा, वर भिरभिरणारा ड्रोन. कमळी खुर्चीत बसली होती, समोर तांदळाचा चौक, पाटावर नवरामुलगा. बायका ओळीनं येऊन त्याला हळद लावत होत्या. ओळीत अमिता होती. यशोदाबाईशी अंकुरच्या घरचं नातं, त्यामुळं आमंत्रण चुकलं नव्हतं. तिनं पिवळी साडी नेसली होती, हातात टॉवेल-टोपीचा आहेर होता. तिची पाळी आली तशी अंकुरची मावशी पुढं झाली. आवाज न चढवता, अगदी गोडीगुलाबीनं म्हणाली, "तू नको गो हात लावू. आहेर दे, जेवून जा."

अमिताचा हात हळदीच्या वाटीवर तसाच राहिला. बोटांना हळद लागली होती.  तिनं आहेर पाटाशेजारी ठेवला, बोटं आपल्याच पदराला पुसली आणि कुणाकडं न बघता मांडवाबाहेर गेली. जाताना एकदाच तिची नजर कमळीवरून गेली. त्या नजरेत राग असता तर कमळीला बरं वाटलं असतं. अमिताला ठाऊकच नव्हतं की हे कुठून सुरू झालं. तिच्या डोळ्यांत होतं ते एवढंच, की तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही तरी काहीतरी बोला.

"आये, पुढचा म्हना," कुणीतरी कमळीला म्हणालं.

आणि कमळी गायली. सगळं गायली, एक ओळ चुकली नाही. बायकांनी वाहवा केली, साडी नेसवली, ओटी भरली. गाडीनं घरापर्यंत सोडलं.

घरी बाळाराम जाळ्याची शिवण उसवून बसला होता. तिनं साडी खुंटीवर टाकली आणि जेवायला नको म्हणाली. त्यानं वर बघितलं. पन्नास वर्षांच्या संसारात कमळीनं जेवण नाकारलं असं सहसा झालं नव्हतं.

"काय झाला?"

तिनं सांगितलं. मांडवातलं सांगितलं, मग मागे जाऊन बाजारातलं सांगितलं. बाळारामनं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"तू बोलली ते तुना खरा वाटत होता?"

"नाय."

"मंग?"

कमळीनं खुंटीवरची साडी काढून घडी घालायला घेतली. मग म्हणाली, "माज्यापेक्षा बरी गाते ती. म्हनून."

हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. बाळाराम हसला नाही, रागावलाही नाही. "बोललीस ती तू, तर पुसायचा पन तुलाच लागंल," एवढंच म्हणाला आणि तिच्यासाठी ताटात भात वाढून ठेवला.

कमळीला वाटलं, सोपं आहे. आपण बोललो, आता आपणच चार जणींना सांगायचं की चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून ती सांगू लागली. पण झालं भलतंच. अंकुरच्या आईनं तिचे हात धरले. "किती मोठा मन गो तुझा! जिनं तुझी जागा घेतली, तिच्यासाठी तू बोलते." नळावरच्या बायका म्हणाल्या, "कमलीआयला दया येते, म्हनून सांभालून घेते." तिनं उलट सांगावं तेवढा लोकांचा विश्वास वाढत गेला. दुसऱ्याच्या वाईटाचं बोलताना जे वाक्य एका दमात साऱ्या गावानं झेललं होतं, तेच परत घेताना कुणी हात पुढं करीना.

मुक्ताबाईनं तर स्पष्टच सांगितलं. "आता कशाला फिरवते? तूच तर बोललीस."

"खोटा बोलले मी. तुझा रोहन पितो, मुक्ता. पोरगी मार खाऊन गेली. तुला माहीत हाय, मला माहीत हाय."

मुक्ताबाईनं कोयता ओट्यावर आपटला आणि पाठ फिरवली. त्यानंतर शेजारी बसूनही ती कमळीशी बोलेनाशी झाली. गिऱ्हाईकाला सुटे द्यायचे झाले तरी पलीकडच्या ओट्यावर मागायची.

शेवटी कमळी यशोदाबाईच्या घरी गेली. रविवार होता. अमिता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कमळी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर गेली, श्वास घ्यायला कठड्याला टेकली आणि सगळं सांगून टाकलं. मधे काही लपवलं नाही. बाजारात काय बोलली, का बोलली, अंकुरच्या मांडवात बघत राहून कशी गात राहिली.

अमिताच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटायचं मुक्ताकाकींनी उठवलं. मी घरी येऊन आईंना सांगितलं होतं, कमलीआय होत्या ना तिथं, त्यांना पण वाईट वाटलं असेल."

कमळीनं मान खाली घातली.

"माहितीये, मी किती वेळा डॉक्टरना विचारलं? हातात काही दोष असतो का म्हणून. शिकलेली बाई मी, ऑफिसमधे काम करते, आणि असलं विचारत होते. ते हसले. मी घरी येऊन रडले." तिनं हातातली चादर करकचून पिळली. "आता काय पायजे तुम्हाला? माफी? घ्या, केली माफ. तुमचं टेन्शन गेलं. माझं काय?"

"मना माफी नको. आमच्या रुतिकाचा लगीन हाय माघात. ती हलद तू लाव. तू गा. सगल्या गावासमोर."

"म्हणजे तुमचं पाप माझ्या गळ्यातून धुवायचं?" अमितानं चादर दोरीवर टाकली. "नाही. उद्या नवऱ्यानं रुतिकाला नुसतं उलट उत्तर दिलं तरी गाव माझ्याच नावानं बोटं मोडेल. तुम्ही जा, कमलीआय. आई खाली आहेत, चहा घेऊन जा."

चहा न घेता कमळी घरी आली. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्याचं तिलाच नवल वाटलं.

रुतिका म्हणजे तिची नात, मुलाची मुलगी. वाशीच्या एका शाळेत शिकवायची, मनानं ठरवलेलं करणारी. घरात काय चाललंय ते तिला आजोबांकडून कळलं. तिच्या वडिलांचा, हरेशचा, या सगळ्याला विरोध होता. "आय, तुझी चूक असंल तर पाया पड तिच्या, पन माझ्या पोरीच्या लग्नात परयोग नको. मनात किंतू आला का आला."

"किंतू तुमच्या मनात आहे ना, बाबा? माझ्या नाहीये," रुतिका म्हणाली आणि चपला घालून एकटीच खालच्या आळीत गेली.

तिथं काय बोलणं झालं ते कमळीला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. रुतिकानं आजीची बाजू घेतली नव्हती. ती फक्त म्हणाली होती, "मी तुमचा तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय. माझ्या लग्नात तुम्ही गावं असं मला तेव्हापासून वाटतंय. आजीसाठी नाही. माझ्यासाठी याल का?" अमितानं दोन दिवस मागितले. मग कळवलं, येते. पण दोन गोष्टी होतील. हळदीची पहिली बोटं मी लावीन, मागून हळूच नाही. आणि कमलीआयनं बाजारात जे सांगितलं ते कुठून आलं, हे मांडवात त्यांनीच सांगायचं. दयेचं बोलून नाही, जसं झालं तसं.

कमळीनं दोन्ही मान्य केलं. हरेश कुरकुरला, पण बाळारामनं जाऊन मांडवाचे बांबू सांगितले.

तयारीच्या दिवसांत अमिता दोनदा घरी आली. एक धवला तिला येत नव्हता, नवरीला मामाच्या मांडीवर बसवतात त्या वेळचा. उरणकडं तो नाही. कमळीनं तो आजवर कुणाला शिकवला नव्हता. मुलीला नाही, सुनेला नाही. आपल्याजवळ काहीतरी असं हवं, जे दुसऱ्या कुणाकडं नाही, असं तिला वाटायचं. तिनं तो अमिताला म्हणून दाखवला. अमितानं फोनमधे रेकॉर्ड केला, मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "परत म्हणा. हळू." दोघी ओळीमागून ओळ म्हणत बसल्या. कामापलीकडचं एक अक्षर अमिता बोलली नाही. तरी निघताना तिनं विचारलं, "गुडघ्याला शेक घेता की नाही?"

हळदीच्या संध्याकाळी सगळी आळी जमली. अमिता धवलारणीच्या जागी बसलेली बघून बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. दोघी-तिघींनी आपल्या लेकीबाळी मागं ओढल्या. रुतिका पाटावर बसली होती, हात मांडीवर, मान ताठ. कमळी उठली. सवयीनं हात वर केला आणि डीजे बंद झाला.

मांडवांत तिनं आयुष्यभर गाऊन सांगितलं होतं. साधं बोलायची सवय नव्हती. 

"बायांनो, आयका. अमिताचा हात बरा नाय, हे गावात कुनी उठवला? मी. बाजारात बसून मीच बोलले. का बोलले? मी आजारी पडले तवा हिनं माझ्यापेक्षा गोड गायला, आनि तुमी सगल्या तिचं गुन गात माझ्या घरी आल्या. माझ्या पोटात दुखला. दुसरा कारन नाय." कुणीतरी "जाऊ दे आये" म्हणालं. तिनं हातानं थांबवलं. "जाऊ द्यायचा नाय. माझा मन मोठा हाय म्हनून बोलत नाय मी. मन बारीक होता म्हनून ह्या झाला. जुन्या लग्नांत मी गायली, त्यांतली किती मोडली? शेवंताची लेक परत आली. माझी सख्खी भाची परत आली. तवा कुनी बोलला का कमलीचा हात वाईट? पोरी घरातल्या मानसांमुलं नांदतात, घरातल्या मानसांमुलंच परत येतात. गानाऱ्या बाईचा त्यात काय?"

 वरच्या माळेतला एक दिवा उगाच फडफडत होता. मग पाटावरून रुतिका म्हणाली, "अमिताकाकी, लावा ना हळद. मला थंडी वाजतेय."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि बांधून ठेवलेलं सैल झालं. अमितानं वाटीत बोटं बुडवली. तिनं ती नवरीच्या गालाला, मग हातांना, मग पायांना लावली, सावकाश, जराही न दडवता. आणि ती गायला लागली. पहिल्या ओळीला आवाज हलला. दुसऱ्या ओळीला कमळीनं मागून साथ धरली, जशी कधीकाळी खाडीत सासूच्या मागून धरायची. जाड आवाजाच्या खांद्यावर तो पातळ आवाज वर चढत गेला. यशोदाबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं कधी रडायला सुरुवात केली ते तिलाही कळलं नसेल. पुढची बाई हळद लावायला उठली. तिच्या मागून दुसरी. मागं ओढलेल्या लेकीही आईचा हात सोडवून पुढं आल्या.

सगळ्या आल्या असं नाही. अंकुरची मावशी जेवून गेली, पण हळदीच्या वाटीजवळ फिरकली नाही. मुक्ताबाई तर मांडवातच आली नव्हती.

रुतिकाचा संसार बरा चाललाय. ती आणि तिचा नवरा कोपरखैरण्याला राहतात, भांडतात, सिनेमाला जातात. रोहनची बायको परत यायची की नाही, ते अजून ठरायचं आहे. पण मुक्ताबाई एका सोमवारी ओट्यावर आली नाही, आणि कुणी सांगितलं की ती रोहनला घेऊन दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडं गेलीय. मासळीवाला तिच्या ओट्यावर ठेवून गेलेली पाटी कमळीनं त्या दिवशी स्वतःच्या गिऱ्हाईकांना विकली. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं काही न बोलता चहाचा एक ग्लास तिच्या ओट्यावर सरकवला. अजून त्या पूर्वीसारख्या बोलत नाहीत, पण सुटे पैसे आता एकमेकींकडं मागतात.

अमिताला मूल अजून झालेलं नाही. उपचार तिनं थोडे दिवस थांबवलेत, आपल्या मनानं. ऑफिस चालू आहे. रविवारी दुपारी गावदेवीच्या देवळात पाच-सहा मुली येतात. त्यांना ती धवले शिकवते आणि कमळी खुर्चीत बसून ऐकते. उरणची ओळ आणि कराव्याची ओळ, दोन्ही शिकवायच्या, असं त्यांचं ठरलंय. अमिता कधी हसून बोलते, कधी एकदम गार होते. तेव्हा कमळी समजून गप्प बसते. एवढ्यात सगळं विसरलं जावं, अशी तिची अपेक्षाही नाही.

परवा दिवाळे गावच्या एका हळदीहून दोघी परत येत होत्या. रिक्षात त्यांच्याबरोबर त्याच घरची एक पाहुणी बसली होती. ती कौतुकानं कमळीला म्हणाली, "तुमच्यापेक्षा पन हिचा गला गोड हाय नाय?"

कमळीच्या छातीत पुन्हा ते टोचलं. अगदी तसंच, नेमकं त्याच जागी. तिला वाटलं होतं, ते गेलं असेल. गेलं नव्हतं. पण आता ते आलं की तिला ओळखू येत होतं, बऱ्याच दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या नकोशा सोयऱ्यासारखं.

"हाय ना," ती म्हणाली. "म्हनून तर तिच्यासंगती फिरते."

अमितानं तिच्याकडं बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भाऊ, स्पीडब्रेकर हळू घ्या जरा. आयचे गुडघे दुखतात."